पित्ताच्या नावाखाली

‘मॅडम, पित्त झालंय बहुतेक.’

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसांना खाणंपिणं नव्याने शिकवणं हे माझं काम. या माणसांचे फोन बहुधा याच वाक्याने सुरू होतात. जेवणानंतर वीस मिनिटांत छाती धडधडून दरदरून घाम फुटला, की पित्त. रात्री आडवं झालं की घशाशी आंबट-कडू येतं, तेही पित्त. उजव्या बरगडीखाली कळ निघून पाठीत गेली, पित्त. आठ दिवस पोटात पाणीसुद्धा ठरत नाही, पित्त. आणि पोटात पीळ पडून माणूस अंथरुणावर गडबडा लोळायला लागला, तरी घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘काल उपास होता ना, पित्त खवळलं असेल. थंड दूध द्या घोटभर.’

पित्त हा आपल्या घराघरांतला शब्द. डोकं दुखलं तरी आपण तो वापरतो आणि अंगावर गांधी उठल्या तरी. एरवी त्याने काही बिघडत नाही. आमसुलाचं पाणी प्यावं, थोडं पडावं, बरं वाटतं. पण ज्या पोटाची रचनाच शस्त्रक्रियेने बदलली आहे, तिथे हा शब्द घात करतो. वरच्या पाच तक्रारींची कारणं पाच आहेत. पहिलीत घटकाभर पडून राहिलं की भागतं. चौथीत दिवस मोजावे लागतात आणि पाचवीत तास. या पाचांना, आणि त्यांच्या आणखी काही भावंडांना, आपापल्या नावांनी ओळखता यावं म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्वच्छ सांगते. हे पुस्तक शस्त्रक्रियेच्या विरोधातलं नाही. त्रासांबद्दल बोलायला लागलं की ‘बघा, आम्ही तेव्हाच सांगत होतो’ म्हणणारे नातेवाईक पुढे सरसावतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लठ्ठ माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवला गेला. त्यातल्या साधारण निम्म्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, बाकीच्यांनी नाही. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी असल्याचं दिसलं. माझ्यासमोर बसणारी माणसं हेच त्यांच्या भाषेत सांगतात. इन्शुलिन सुटलं. झोपताना तोंडावर मशीन लावावं लागत नाही. पूजेला मांडी घालून बसता येतं.

लठ्ठपणाचा प्रश्न आपल्याकडे नुसत्या काट्यावर कळत नाही, हे दाखवून देणाऱ्यांत पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आहेत. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं शेजारी शेजारी उभं राहिलेलं छायाचित्र छापून आलं. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून चरबीचं, असं हे भारतीय शरीर. मधुमेह त्याला कमी वजनातच गाठतो, म्हणून आपल्याकडे शस्त्रक्रियेचा विचारही पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनाला करतात. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही. त्याला वाटतं, एवढी काही जाड नव्हती, हौस म्हणून पोट कापून घेतलं. ‘जिभेवर ताबा नाही म्हणून आयतं वजन उतरवलं’ हा टोमणा मी ऐकलेला नाही असा महिना जात नाही. या टोमण्यापायी माणसं शस्त्रक्रिया लपवतात, आणि ते लपवणं पुढे किती महागात पडतं ते मी खाली सांगणार आहे.

आता पोटाच्या नकाशाकडे वळू. मी नव्या रुग्णाला विचारते, ‘कोणतं ऑपरेशन झालंय?’ उत्तर येतं, ‘दुर्बिणीचं.’ दुर्बिणीतून केलं हे खरं, पण आत केलं काय, ते ठाऊक नसतं. भोकं किती पाडली ते सांगता येतं, खर्च किती आला तो पैशासकट सांगता येतो; जठराचं आणि आतड्याचं काय झालं ते मात्र फायलीत, आणि फाइल कपाटात.

जठर म्हणजे कोठार. आलेलं अन्न साठवायचं, आम्लात घुसळून पातळ करायचं आणि थोडंथोडं पुढे सोडायचं. त्याच्या खालच्या तोंडाशी स्नायूची एक झडप असते, ती एकदम लोंढा जाऊ देत नाही. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं अरुंद नळकांडं. झडप मात्र जागेवर राहते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची सुमारे तीस मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात. खोकल्याच्या औषधाचं दहा मिलिलिटरचं झाकण तीनदा भरा. एवढीच ती पिशवी. लहान आतडं कापून त्याचं एक टोक थेट तिला जोडतात. बाकीचं जठर आतच असतं, पण अन्नाची वाट त्यातून जात नाही. झडपही वाटेतून वगळली जाते. यकृतातून आलेलं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस दुसऱ्या वाटेने उतरून बरेच खाली अन्नाला भेटतात. दोन नद्यांच्या संगमासारखा, इंग्रजी वाय अक्षराच्या घाटाचा हा जोड. तिसरी ‘मिनी बायपास’. तिच्यात जठराची पिशवी लांबट असते, जोड एकच असतो आणि आतड्याचं वळण वर ओढून तिला शिवलेलं असतं. आपल्या देशात तीही बऱ्याच प्रमाणात होते.

या तीन पोटांची दुखणी सारखी नसतात. स्लीव्हवाल्याला छातीत जळजळ, बायपासवाल्याला आमरसाची भीती, मिनी बायपासवाल्याच्या घशाशी खरोखरीचं हिरवट पित्त. त्यामुळे कोणती शस्त्रक्रिया झाली हे माहीत नसताना दिलेला सल्ला म्हणजे पत्ता न विचारता रिक्षा सुरू करणं.

यातलं बरंचसं दुखणं लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेपेक्षा जुनं आहे, हे मला अभ्यास करताना कळलं आणि फार महत्त्वाचं वाटलं. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोट यांनी कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या जठराचा भाग कापून उरलेलं जठर पुन्हा आतड्याला जोडलं, आणि ती त्या शस्त्रक्रियेतून वाचली. पुढे अनेक दशकं जठराच्या व्रणांसाठी अशा शस्त्रक्रिया होत राहिल्या. त्या रुग्णांना जेवल्यावर घाम येई, जुलाब होत, चक्कर येई. जठर अन्न आतड्यात ‘डंप’ करतं, एकदम ओतून देतं, हे वर्णन १९२२ पर्यंत वैद्यकात रुळायला लागलं होतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं, की हे रुग्ण बारीक होतात आणि बारीकच राहतात. त्यातून १९६६ मध्ये त्यांनी वजन उतरवण्यासाठी पहिला जठर-बायपास केला. त्याआधी १९५४ च्या सुमारास मिनेसोटात नुसतं आतडंच लांबलचक वगळून पाहिलं होतं. वजन उतरलं, पण जुलाब थांबेनात, मुतखडे झाले, काहींची यकृतं निकामी झाली, आणि ती शस्त्रक्रिया सोडून द्यावी लागली. म्हणजे त्रास आधी कळला आणि उपचार त्यातून सुचला. ‘हे असं होईल असं कुणाला वाटलं होतं?’ असं आता कुठल्याही डॉक्टरने म्हणायचं कारण नाही. होणार काय ते शंभर वर्षांपासून माहीत आहे. रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना ते त्यांच्या भाषेत सांगायचं राहिलं, एवढंच.

‘डंपिंग’ला मराठी प्रतिशब्द घडवायचा मोह मी टाळला आहे. रात्री रुग्णालयात जाऊन रुग्णाला हाच शब्द उच्चारायचा आहे आणि समोरच्याला तो कळला पाहिजे. शब्द इंग्रजीच ठेवला, पण तो दिसतो कसा, ते आपल्या घरातलंच सांगते.

मे महिना, अक्षय्य तृतीया. सात महिन्यांपूर्वी बायपास झालेल्या एक शिक्षिका माहेरी गेल्या होत्या. पान वाढलेलं, मधोमध आमरसाची वाटी. आईचा आग्रह: आंबा गोडच असतो गं, त्यात मी साखर कुठे घातलीये? यांनी पुरीला हात लावण्याआधी अर्धी वाटी रस प्यायला. पंधराएक मिनिटांत पोट तट्ट फुगलं, गुडगुडायला लागलं, छाती धडधडली, हातपाय गळाले, कपाळावर घाम. त्या उठून आतल्या खोलीत जमिनीवर आडव्या झाल्या. घरच्यांना वाटलं, ऊन लागलं. आईने धावत जाऊन लिंबाचं सरबत केलं, चांगलं चार चमचे साखर घालून, आणि मायेने पाजलं. त्यानंतर त्यांना जे जुलाब सुरू झाले ते संध्याकाळपर्यंत.

झालं होतं ते असं. झडप वाटेत नसल्याने गोड, दाट रस सरळ आतड्यात उतरला. इतका दाट गोडवा आतड्याला चालत नाही. तो पातळ करायला रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. आतडं ताणतं, रक्तदाब उतरतो, हृदय जोरात पळायला लागतं. त्यावर सरबत म्हणजे आगीत तेल. या वेळी करायचं ते एवढंच, की आडवं व्हायचं आणि तोंडात काही घालायचं नाही. अर्ध्या-एक तासात ओसरतं.

पण याच त्रासाचं एक उशिराचं रूप आहे. तिथे सल्ला नेमका उलटा होतो, आणि लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. गोड किंवा नुसता भात खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी हात थरथरतात, घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलताना शब्द सापडत नाही. साखर आतड्यात झटकन शिरल्यामुळे शरीराने गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडलेलं असतं आणि आता रक्तातली साखर तळाला गेलेली असते. या वेळी ग्लुकोमीटरवर आकडा बघायचा, आणि तो खाली असेल तर थोडी साखर द्यावीच लागते. मागोमाग अंडं, पनीर, मूठभर शेंगदाणे असं काहीतरी प्रथिनांचं, म्हणजे पुन्हा घसरण होत नाही. घाम दोन्हीकडे आहे आणि धडधडही. फरक कळतो घड्याळावरून. म्हणून माझ्या रुग्णांना मी सांगते, त्रास झाला की आधी विचारायचं, जेवून किती वेळ झाला?

टाळायचं कसं, हे आहाराच्या प्रकरणांत सविस्तर आहे. थोडक्यात सांगायचं, तर आपलं पान उलट्या क्रमाने जेवायचं. आपल्याकडे सुरुवात वरणभाताने, जिलबीचा आग्रह मध्ये आणि घोटाघोटाला पाणी. इथे आधी उसळ, पिठलं, मासा, अंडं. मग चतकोर भाकरी मोडून, मऊ करून. भात शेवटी, जागा उरली तर. पाणी जेवणाआधी आणि जेवणानंतर अर्धा तास तोंडाला लावायचं नाही. पंगतीत बसून हे पाळणं किती अवघड आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. आग्रह करणारा हात नाकारला की मन दुखावतं. म्हणून एक अख्खं प्रकरण वाढणाऱ्यांसाठी आहे. ते रुग्णाने वाचू नये. आईला, सासूला, बायकोला वाचायला द्यावं.

आता जे लिहिते आहे, ते या पुस्तकामागचं खरं कारण.

मार्केट यार्डातले एक आडते, स्लीव्ह होऊन सहा आठवडे झालेले. त्यांच्या उलट्यांचे फोन मला येऊ लागले. या काळात घास अडकणं, तोंडाला फेस येणं, उलटून पडणं हे नेहमीचं असतं. कोरडी पोळी, चिकट भात, पाव, घाईत गिळलेला घास; बहुतेकदा कारण तेवढंच. मी विचारलं, सावकाश चावता का? ताक आणखी पातळ करा, मुगाचं कढण गाळून घ्या, चमच्याने प्या. चार दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा तेच. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पत्नीचा फोन आला. ‘ताई, इकडे गल्लीतल्या डॉक्टरांनी बाटली लावली, पण काही फरक नाही. आता दोन-दोन दिसतंय म्हणतात. आणि बाथरूमला जाताना भिंत धरून जातात. अशक्तपणाच असेल ना?’

तो अशक्तपणा नव्हता. अंगातलं ब-१ जीवनसत्त्व, थायमिन, संपलं होतं आणि मेंदूला इजा व्हायला लागली होती. या जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा जेमतेम पंचवीस-तीस मिलिग्रॅमचा, दोन-तीन आठवडे पुरेल इतका. उलट्यांमुळे आत काहीच ठरत नसेल, तर तेवढ्याच दिवसांत तो आटतो. त्यात ग्लुकोजची बाटली लावली की साखर जाळण्यासाठी शरीर उरलेलं थायमिनही खर्चून टाकतं. आपल्याकडे ‘अशक्त वाटतंय, एक बाटली लावा’ हे इतकं सर्रास चालतं, की त्यात धोका असेल असं कुणाच्या मनात येत नाही. अशा रुग्णाला ग्लुकोजआधी थायमिन शिरेतून द्यावं लागतं. आधी, आणि त्याच दिवशी. त्यांना ते त्या संध्याकाळी मिळालं. दोन दिसणं काही दिवसांत गेलं. जठराचं नळकांडं मध्येच आवळलं गेलं होतं, ते दुर्बिणीतून फुगा घालून रुंद केलं. पण चाल सरळ व्हायला आठ महिने लागले. गाळ्यावर ते काठी टेकत येत होते, आणि मला प्रत्येक वेळी ‘ताई, तुमच्यामुळे वाचलो’ म्हणत. मला माहीत होतं की दोन आठवडे मी ताक पातळ करायला सांगत होते.

या विकाराचं पहिलं वर्णन जर्मन डॉक्टर कार्ल व्हर्निके यांनी केलं, तेही १८८१ मध्येच, बिलरोट यांच्या शस्त्रक्रियेच्याच वर्षी. त्यांच्या तीन रुग्णांपैकी दोघे दारूच्या आहारी गेलेले पुरुष होते. तिसरी होती वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी. तिने गंधकाम्ल प्राशन केलं होतं, जठराचं तोंड आवळलं होतं आणि उलट्या थांबत नव्हत्या. पुढे डॉक्टरांच्या लक्षात राहिले ते दारूवाले. हा आजार दारुड्यांचा, अशी समजूत होऊन बसली. शिवणकाम करणारी ती मुलगी मागे पडली, आणि माळकरी आडत्याची चाल भेलकांडली तेव्हा त्याच्या बाबतीत हा आजार कुणाला सुचला नाही. मलाही नाही. आता माझा नियम ठरलेला आहे: दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील, तर फोनवर आहार बदलायचा नाही, रुग्णाला बोलावून घ्यायचं.

पाचवी तक्रार, पोटात पीळ पडण्याची. बायपासमध्ये आतडं कापून नव्या जागी जोडताना, त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात फटी तयार होतात. त्यातल्या एका फटीला पीटरसन यांचं नाव आहे; या जर्मन शल्यचिकित्सकाने १९०० साली तिच्यात अडकणाऱ्या आतड्याचं वर्णन केलं होतं. शस्त्रक्रियेच्या वेळी या फटी शिवतात, पण वजन उतरतं तशी पडद्यातलीही चरबी उतरते आणि फटी सैल होतात. मग एखाद्या दिवशी आतड्याचं वेटोळं त्यातल्या एखादीत सरकतं. म्हणून हा त्रास शस्त्रक्रियेनंतर लगेच न येता दीड-दोन वर्षांनी येतो, सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना. माणूस बारीक झालेला असतो, कपडे बदललेले असतात, नवी ओळख झालेली असते.

एका मुलीचं लग्न झालं ते अशाच काळात. माहेरच्यांनी शस्त्रक्रियेची गोष्ट सासरी सांगितली नव्हती. पोटावरच्या बारीक खुणांबद्दल विचारलं तर ‘अपेंडिक्सचं झालंय’ म्हणायचं ठरलं होतं. रात्री जेवल्यावर बेंबीच्या वर डावीकडे कळ आली, पाठीपर्यंत गेली. जवळच्या रुग्णालयात आम्लपित्ताचं इंजेक्शन मिळालं, तासाभरात बरं वाटलं. बरं वाटलं, कारण वेटोळं आपलं आपण परत सरकलं होतं. दहा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा इंजेक्शन. सोनोग्राफीत काही नाही. तपासणाऱ्या डॉक्टरला मी दोष देत नाही. बायपास झालाय हे त्याला सांगणारं तिथे कुणी नव्हतं. नवरा आणि सासू शेजारी उभे होते, आणि ती गप्प. तिसऱ्या वेळी पहाटे तिने आईला फोन केला, आईने मला. तेव्हा कुठे शल्यचिकित्सकापर्यंत खरी गोष्ट पोहोचली. सुमारे दीड फूट आतडं काढावं लागलं. ती आज ठणठणीत आहे आणि तिच्या सासूबाई तिला वेळेवर गोळ्या देतात. लपवलं ते त्यांच्यासाठीच होतं. त्यांना कळल्यावर त्या फक्त एवढंच म्हणाल्या, की आधी का नाही सांगितलंस?

खाल्ल्यावर उठणारी, पिळवटून टाकणारी, येऊन-जाऊन असणारी कळ बायपासवाल्याला आली, तर ती पित्ताची नाही असं धरून चालावं. सीटी स्कॅनसुद्धा कधीकधी निर्दोष येतो, आणि तरी शल्यचिकित्सकाला दुर्बीण घालून बघावं लागतं. गरोदरपणात तर अधिकच सावध राहायला हवं, कारण तेव्हा प्रत्येक कळ बाळाच्या नावावर खपते.

बाकीच्या त्रासांना पुस्तकात आपापली प्रकरणं आहेत. इथे नुसती ओळख करून देते. बायपासच्या जोडावर व्रण होतो. त्याला खतपाणी घालणाऱ्या तीन गोष्टी म्हणजे तंबाखू, दुखण्याच्या गोळ्या आणि जठरातला हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू. तंबाखू म्हटलं की लोक सिगारेट समजतात. मशेरी लावणाऱ्या बायका ‘मी काही तंबाखू खात नाही’ असं शपथेवर सांगतात, म्हणून मी मशेरीचं नाव घेऊन विचारते. गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी बायपासच्या पोटाला चालत नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. काळी, डांबरासारखी शौच झाली तर थांबू नये.

पित्ताशयातल्या खड्यांचं कारण सोपं आहे. वजन भराभर उतरताना पित्तात कोलेस्टेरॉल जास्त येतं आणि त्याचे खडे बनतात. म्हणून पहिले सहा महिने बऱ्याच रुग्णांना उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. त्या कडू लागतात आणि महिन्याभरात बंद पडतात. बायपासनंतर खडा पित्तनलिकेत उतरला, तर तोंडातून दुर्बीण घालून तिथवर पोहोचणं फार अवघड होतं, कारण ती वाटच राहिलेली नसते. कडू गोळी गिळायला एवढं कारण पुरे. पाच तक्रारींत खऱ्या अर्थाने पित्ताशी नातं असलेली ही एक, आणि मिनी बायपासमधलं उलटं चढणारं पित्त ही दुसरी. स्लीव्हनंतरची जळजळ आम्लाची असते. वर्षानुवर्षं नुसत्या गोळ्यांनी ती दाबत राहण्यापेक्षा एन्डोस्कोपी करून अन्ननलिकेचं अस्तर तपासून घेतलेलं बरं.

आणि सगळ्यात हळू चालणारा, म्हणून सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे पोषणाची तूट. ब-१२ शोषलं जायला जठरात तयार होणारं एक द्रव्य लागतं. ते अन्नाला धड भेटेनासं झालं, की साध्या गोळीतला फार थोडा अंश अंगी लागतो. इंजेक्शन घ्यावं लागतं, नाहीतर मोठ्या मात्रेची गोळी. लोह मुख्यतः आतड्याच्या ज्या पहिल्या तुकड्यात शोषलं जातं, तोच बायपासमध्ये वगळलेला असतो. कॅल्शियम कार्बोनेटला आम्ल लागतं, म्हणून सायट्रेट बरं. आणि लोह व कॅल्शियम दोन तासांच्या अंतराने, चहाबरोबर दोन्ही नाहीत. महाराष्ट्रातल्या शाकाहारी घरांत तर ही लढाई आधीच अर्धी हरलेली असते. पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या तपासणीत, शस्त्रक्रिया वगैरे काही झालेली नसताना, दोन तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळलं होतं. हेही याज्ञिकांच्याच गटाचं काम. अशा माणसाचा बायपास केला आणि त्याने दुसऱ्या वर्षी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून औषधं सोडली, की तळपायाला मुंग्या येणार, चप्पल पायातून निसटलेली कळणार नाही. मिनी बायपास झालेल्या, डाळही जेमतेम खाणाऱ्या बाईच्या पायावर सूज आली, तर ती प्रथिनांची हाक असू शकते. केस गळणं मात्र, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातलं, बहुतेकदा आपोआप थांबतं. त्याच्यावर पैसे उडवू नका.

आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आली आहेत, मग या शस्त्रक्रिया बंदच पडतील का, असं मला विचारतात. पडोत वा न पडोत. ज्यांच्या पोटाचा नकाशा बदलला आहे ती माणसं पुढची तीस-चाळीस वर्षं आपल्यात जेवणार आहेत, लग्नाकार्यात, गणपतीत, हॉस्टेलच्या मेसमध्ये, परदेशी मुलांकडे गेल्यावर तिथल्या अनोळखी डॉक्टरसमोर. त्यांच्यासाठी या पुस्तकाचं पहिलं पान कापून घेण्यासारखं ठेवलं आहे. त्यावर शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख, जठराच्या पिशवीचा आकार, आतड्याची किती लांबी वगळली, पित्ताशय आहे की काढलं, ब-१२ चं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं, कोणती औषधं चालत नाहीत आणि शल्यचिकित्सकाचा नंबर, एवढ्या जागा मोकळ्या आहेत. त्या आपल्या डॉक्टरकडून भरून घ्याव्यात. खाली जाड अक्षरांत दोन ओळी आधीच छापल्या आहेत: ‘उलट्या होत असल्यास ग्लुकोजआधी थायमिन द्यावे. पोटात पीळ पडत असल्यास शल्यचिकित्सकाला ताबडतोब कळवावे.’

त्या नव्या नवरीने हे पान लॅमिनेट करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलं आहे. मला दाखवताना तिने ते बाहेर काढलं, तेव्हा मागे दुसरं एक पान निघालं, त्याचीच झेरॉक्स. ‘ही सासूबाईंच्या पाकिटासाठी,’ ती म्हणाली, ‘त्या ठेवून घ्यायला विसरल्या होत्या, आज द्यायचीय.’